खाली बसवलेल्या पोलोच्या मडगार्डच्या आतला चिखल कसा काढता? सल्ला हवा

खळ्यातली_पोलो (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. माझी 2016 ची फोक्सवॅगन पोलो आहे. दोन वर्षांपूर्वी स्प्रिंगा बदलून 35 मिमी खाली बसवली. वळणावर ती रस्त्याला चिकटून जाते ते मला फार आवडतं, त्यामुळे "परत वर करा" हा सल्ला कृपया नको.

अडचण मडगार्डच्या आतल्या जागेची आहे. पुढे टायरच्या वर दोन बोटं जेमतेम जातात, मागे एकच. आमच्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत सगळा जांभ्या मातीचा कच्चा रस्ता. चार महिन्यांच्या पावसात आत लाल लेपच बसलाय. प्रेशरने कितीही पाणी मारलं तरी खालून लाल पाणी यायचं थांबत नाही. परवा मागच्या डाव्या मडगार्डची कड आतून बोटाने चाचपली तर माती ओली लागली. पाऊस उघडून आठ दिवस झाले होते! तिथे गंज धरेल या विचाराने झोप नाही.

वॉशिंग सेंटरवाला म्हणतो, डिझेल मारतो, सगळं सुटेल. मारून घेऊ का? आणि चाक न काढता आत पोचणारा ब्रश कुणी वापरलाय का?

सतरा_नंबर (पुणे)

दादा, आधी डिझेलचं. अजिबात मारू देऊ नका. चिखल सुटतो हे खरं, पण सस्पेन्शनचे रबरी बुश आणि एक्सलचे रबरी बूट डिझेलने फुगतात, मऊ पडतात. वर जो तेलकट थर राहतो त्यावर पुढची धूळ दुप्पट चिकटते. आणि ब्रेकवर उडालं तर काय, ते सांगायला नको.

दुसरं, चाक काढाच. वर्षातून दोनदा, एकदा पाऊस सुरू व्हायच्या आधी आणि एकदा दसरा-दिवाळीच्या दरम्यान. ब्रश कितीही लांब घेतला तरी खाली बसलेल्या गाडीत तो टायरच्या माथ्यावरून पुढे जात नाही, आणि माती नेमकी त्याच्या पलीकडे असते. दोन जागा धरून चाला. एक, मडगार्डची आत दुमडलेली कड. दुसरी, पुढच्या चाकामागे, दाराच्या बिजागरीच्या खाली, प्लास्टिक लायनरच्या आड. त्या कोपऱ्यात पानं, माती, बारीक खडी सगळं येऊन बसतं आणि पाणी निघायचं भोक बुजतं. बाहेरून गाडी चकाचक दिसत असते.

आता जॅक. तुमच्या गाडीखाली ट्रॉली जॅक सरळ जाणार नाही, म्हणून आधी दोन्ही चाकं दोन इंच जाडीच्या फळ्यांवर चढवा, मग जॅक सरकवा. गाडीच्या दाराखालच्या उंबऱ्याच्या कडेला जिथे जॅकची खूण आहे तिथेच लावा, मधे रबराचा तुकडा ठेवा, नाहीतर पत्र्याची शिवण वाकते. गाडी बॉडीवरून उचलली की चाक खाली लोंबतं आणि आतली जागा आपोआप उघडते. एक्सलवरून उचललीत तर चाक बॉडीसोबतच वर येईल, जागा तेवढीच राहील.

वर गेली की लगेच स्टँड लावा. जॅकच्या भरवशावर हातसुद्धा आत घालू नका. तुम्ही रत्नागिरीचे म्हणून मुद्दाम सांगतो: चिऱ्यावर गाडी टेकवू नका. भिंतीत चिरा शंभर वर्षं टिकेल, पण एका बिंदूवर गाडीचं वजन आलं की फुटतो. खळ्यात करणार असाल तर जॅक आणि स्टँडखाली जाड प्लायवूड घाला, जमीन दबते. मागचं चाक उचलताना गाडी गिअरमधे ठेवा आणि पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावा.

आणि गाडी खाली घेताना हळू घ्या. स्प्रिंग आखूड आहे, चाक पूर्ण लोंबलं की ती बैठकीत सैल होऊ शकते. परत नीट बसली का ते बघूनच भार द्या.

द्राक्षबाग (तासगाव)

सतरा नंबर भाऊंनी उचलायचं सांगितलं, मी भिजवायचं सांगतो. लोक वाळक्या मातीवर थेट प्रेशर मारतात. त्याने वरची साल उडते आणि आतली माती आणखी आत सरकते.

आमच्याकडे बागेचा 16 लिटरचा फवारणी पंप आहे. त्याची दांडी पुढे वाकलेली असते, त्यामुळे नोझल मडगार्डच्या आत वरच्या अंगाला तोंड करून बसतं. गाडीचा शाम्पू पाण्यात मिसळून वरून खाली बारीक फवारा मारायचा, वीस मिनिटं थांबायचं, परत मारायचा. कृष्णाकाठची काळी माती असेल तर तीनदा. काळी माती पाणी पिऊन फुगते, तेव्हाच सुटते. तुमची लाल माती त्यापेक्षा लवकर सुटेल, पण डाग धरते.

पंप मात्र वेगळा ठेवा. तणनाशकाचा पंप गाडीला नको आणि गाडीचा पंप बागेला नको. मी आमच्या पंपाला लाल चिंधी बांधून ठेवलीय.

ठाण्याची_वारी

फ्लॅटमधे राहणाऱ्यांनी काय करायचं? आमच्या सोसायटीत खाली बादलीभर पाणी मिळतं, जॅक लावला तर वॉचमन येऊन उभा राहतो. मी स्टीअरिंग पूर्ण एका बाजूला वळवते, म्हणजे पुढच्या चाकामागे हात जाईल एवढी जागा होते, मग दुसऱ्या बाजूला. मागे मात्र तसं जमत नाही. तिथे लोखंडी पट्टीला जुना मोजा ओढून, शाम्पूच्या पाण्यात बुडवून कडेच्या आतून फिरवते. दर आठवड्याला केलं तर माती बसतच नाही.

सतरा_नंबर (पुणे)

ताई, दर आठवड्याला करत असाल तर तुमची पद्धत उत्तम, आणि मी "काढाच" म्हणालो त्यात थोडी सूट देतो. फक्त मोज्याखाली पट्टीचं टोक उघडं राहू देऊ नका, कडेचा रंग खरवडला की तिथूनच गंज सुरू होतो. पट्टीऐवजी प्लास्टिकची फूटपट्टी चालेल. पण रत्नागिरीच्या दादांचा चार महिन्यांचा चिखल आहे. तो मोज्याने निघायचा नाही.

मायन_काठ (फ्रँकफुर्ट)

इथे घरासमोर गाडी धुवायला बहुतेक गावांत मनाईच आहे, नाणी टाकून स्वतः धुवायच्या बॉक्समधे जावं लागतं आणि तिथे जॅक लावता येत नाही. हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकलेलं असतं. तेव्हा नुसतं पाणी, खालून वर तिरकं, एक फूट अंतर ठेवून. ब्रेकची नळी, एबीएसची वायर आणि एक्सलच्या रबरी बुटावर धार थेट नको. गाडी चालवून आल्यावर डिस्क गरम असते, आधी दहा-पंधरा मिनिटं निवू द्या. कोकणात समुद्राचं खारं वारं असतं, म्हणजे तुमचा शत्रू आमच्यासारखाच.

खळ्यातली_पोलो (रत्नागिरी)

सगळ्यांचे मनापासून आभार. कालचा पूर्ण रविवार यात गेला, दोन्ही पुढची आणि मागचं डावं झालं.

पुढच्या डाव्या लायनरचे स्क्रू काढून प्लास्टिक मागच्या बाजूने बाहेर ओढलं, तर ओंजळभर माती खाली पडली. त्यात सुपारीची साल, आंब्याची कुजलेली पानं आणि एक जिवंत गांडूळ. गांडूळ! म्हणजे ती जागा कधी वाळलीच नव्हती. खाली भोक होतं ते दिसतही नव्हतं. केबल टाय घालून मोकळं केलं तर त्यातून कपभर पाणी आलं.

लायनरच्या माथ्यावर टायर घासून गुळगुळीत झालेला पट्टा आहे. मला वाटायचं, गाडी खूप खाली आहे म्हणून घासते. पण लायनरच्या मागे मातीचा गोळा बसून त्याने प्लास्टिकच टायरकडे ढकललं होतं. माती काढल्यावर लायनर बोटभर मागे गेला. आज खड्ड्यातला तो खर्रर्र आवाज आला नाही.

शेजाऱ्यांच्या पोफळीच्या बागेचा फवारणी पंप आणला, द्राक्षबाग भाऊ, तुमच्यामुळे. नळी नवीन घातली आणि आधी चांगला धुवून घेतला.

एक शंका. स्प्रिंगा बदलताना मागची कड रोल करून (आत दुमडून) घेतली होती. डाव्या बाजूला त्या दुमडीत चारेक इंच रंग तडकलाय आणि तांबूस दिसतंय. दाबून बघितलं, पत्रा घट्ट आहे. यावर सरळ अंडरकोटिंग मारू का?

सतरा_नंबर (पुणे)

सरळ नको. ओल्यावर किंवा गंजावर कोटिंग मारलं की गंज आत झाकून वाढतो. दुमडीतली माती प्लास्टिकच्या पट्टीने काढा, गोड्या पाण्याने धुवा, मग चाक काढलेलं ठेवूनच दिवसभर वाळू द्या. ब्लोअर असेल तर मारा. नंतर तांबूस भाग बारीक पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा, प्रायमर लावा, रंग द्या, दुमडीच्या फटीत सीलर भरा. अगदी शेवटी मेणाचा स्प्रे. कड गरम न करता रोल केली की रंग असाच तडकतो, उजवी बाजूही बघा. हे सगळं करताना डिस्क आणि ड्रम पिशवीने झाकायला विसरू नका.

चाक लावताना बोल्ट आधी हाताने फिरवा, मग पाना, एक आड एक. गाडी जमिनीवर टेकल्यावर टॉर्क रेंचने (ठरावीक जोरापर्यंतच आवळायचा पाना) 120 न्यूटन मीटर, आणि पन्नासेक किलोमीटर चालवून परत तपासा. अलॉय चाकं असतील तर हे चुकवू नका.

खळ्यातली_पोलो (रत्नागिरी)

उजवी बाजू आत्ताच टॉर्च लावून बघितली. तिथेही तडा आहे, पण लहान, नखाएवढा. टॉर्क रेंच मावसभावाकडे चिपळूणला आहे, शनिवारी आणतो. तोवर गाडी खळ्यातच उभी, डावं चाक काढून, दोन स्टँडवर.