मदत हवी आहे : झिजलेली यंत्रे आणि गप्प झालेले कामगार

मी एका मालवाहतूक कंपनीच्या गोदामात पर्यवेक्षक आहे. दुरुस्तीचा खर्च सतत पुढे ढकलल्यामुळे आमचे ट्रक आणि फोर्कलिफ्ट अशा अवस्थेला आले आहेत की, आज कोणते यंत्र चालेल याचा अंदाज बांधण्यातच सकाळचा पहिला तास जातो. एका फोर्कलिफ्टचे माल उचलणारे काटे टाचेपाशी, म्हणजे ते जिथे काटकोनात वळतात तिथे, 10 टक्क्यांहून अधिक झिजले आहेत. एवढ्या झिजेने त्यांची क्षमता सुमारे 20 टक्क्यांनी घटते, म्हणून ते बदलावेत असे मी लेखी कळवले, तेव्हा ‘पुढच्या तिमाहीत पाहू’ एवढेच उत्तर आले.

त्याहून अस्वस्थ करते ती कामगारांची शांतता. पूर्वी ब्रेकच्या नळीतून हवा गळू लागली की चालक माझ्या टेबलाशी येऊन भांडत. आता तपासणीच्या वहीत सगळ्या रकान्यांत ‘ठीक’ लिहून मोकळे होतात, कारण तक्रार केली की गाडी उभी राहते, फेरी बुडते आणि उशिराचा ठपका त्यांच्यावरच येतो. (त्या वहीवर खाली सही माझीच असते, हेही कबूल केले पाहिजे.)

यंत्रे बंद राहिलेल्या तासांचा हिशेब मांडून व्यवस्थापनाला दुरुस्तीसाठी कोणी राजी केले आहे का, आणि त्यात नेमक्या कोणत्या नोंदी उपयोगी पडल्या? तसेच, धोकादायक यंत्र नाकारण्याचा अधिकार चालकाला देताना त्याची मजुरी बुडू नये, यासाठी आपण कोणती व्यवस्था केली, तेही कृपया सांगावे.