मदत हवी आहे: काट्याच्या कॉम्प्युटरमधून डिलीट केलेल्या एंट्री काढायच्या आहेत, अर्जंट

सरकी_ढेप (पांढरकवड्याजवळ)
कापसाच्या जिनिंगवर हिशेब पाहतो. गाड्या तोलायच्या काट्यावरच्या पोरानं घोळ केला हे नक्की आहे. पावतीवर एक वजन, कॉम्प्युटरमध्ये दुसरं, काही एंट्री तर गायबच. शेठ म्हणतात लवकर पुरावा काढ, ठाण्यात जायचं आहे. कोणतं रिकव्हरी सॉफ्टवेअर चांगलं? फुकटातलं सांगा. आणि स्क्रीनशॉटच्या प्रिंटा पोलिसांत चालतात का? सीझन सुरू आहे, जास्त वेळ नाही.

भंगार_हार्डडिस्क (नागपूर)
काहीही टाकू नका अजून. मशीन चालू आहे का? डिस्क साधी फिरणारी की एसएसडी, म्हणजे चिपवाली? काट्याचं सॉफ्टवेअर डेटा कशात ठेवते? लॉगिन कितीजणांची? पोरगा कामावर आहे की गेला?

टेक_भाऊ
रेकुवा नावाचं रिकव्हरी सॉफ्टवेअर टाका, बिनधास्त. माझ्या साळ्याच्या लग्नाचे फोटो पेन ड्राईव्हमधून उडाले होते, अर्ध्या तासात परत आले.

भंगार_हार्डडिस्क
लग्नाचे फोटो कोर्टात न्यायचे नव्हते ना भाऊ. डिलीट झालेलं लगेच नष्ट होत नाही, ती जागा फक्त 'रिकामी' म्हणून धरली जाते. त्याच डिस्कवर नवीन सॉफ्टवेअर टाकलं की ते नेमकं त्या जागेवर बसू शकते. एसएसडी असली तर आणखी वाईट, ट्रिम चालू असलं तर मशीन स्वतःच ती जागा साफ करून टाकते.

सरकी_ढेप
मशीन चालूच आहे. बंद कशी ठेवू? काटा थांबला तर गाड्या पार डांबरी रस्त्यापर्यंत जातात. डिस्क कोणती ते पाहिलं नाही. लॉगिन एकच आहे 'काटा' नावाचं, पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला आहे. पोरगा परवापासून येत नाही. उद्या सॉफ्टवेअरचा सर्व्हिसवाला येऊन डेटा रिपेअर करून देणार आहे. मुद्द्याचं सांगा.

मामा_आर्वीकर
यंदाचा वैधमापनचा (वजनमापं तपासणाऱ्या खात्याचा) शिक्का आहे का काट्याला? दर वर्षी पासिंग लागते. आमच्या इकडे लोडसेलच्या (वजन मोजणाऱ्या सेन्सरच्या) खड्ड्यात पाणी साचलं होतं, उंदरानं वायर कुरतडली होती, अन् सगळे ऑपरेटरवर ओरडून राहिले होते.

सरकी_ढेप
मामा, शिक्का आहे. वजन बरोबर येते. एंट्री नंतर बदलल्या आहेत.

भंगार_हार्डडिस्क
त्या सर्व्हिसवाल्याला आत्ता फोन करून येऊ नको म्हणा. काट्याची बरीच सॉफ्टवेअरं अ‍ॅक्सेस नावाच्या डेटाबेस प्रोग्रामच्या फाईलमध्ये डेटा ठेवतात. त्यात डिलीट केलेल्या नोंदी बऱ्याचदा फाईलच्या पोटात तशाच पडून असतात. 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' दाबलं की फाईल नव्यानं लिहिली जाते अन् त्या जातात. तो बिचारा चांगल्या मनानं तेच बटण दाबेल.

दुसरं म्हणजे, लॉगिन एक अन् पासवर्ड सगळ्यांसमोर. मग कॉम्प्युटर एवढंच सांगेल की 'काटा' या नावानं इतक्या वाजता वजन बदललं. पोरानं बदललं हे सांगणार नाही. त्याचा वकील पहिल्याच दिवशी विचारेल की मुनीम, चौकीदार, शेठच्या घरचे लोक, यांच्यापैकी कोणाला पासवर्ड माहीत नव्हता? त्या वेळी खुर्चीवर कोण होतं हे कॅमेराच दाखवेल. काट्याच्या खोलीत कॅमेरा असेल तर आज, आत्ता डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा) पाहा. डीव्हीआर भरला की जुनं पुसून नवं लिहीत राहतो. डीव्हीआरच्या घड्याळाचा अन् तुमच्या मोबाईलच्या घड्याळाचा एकाच फ्रेममध्ये फोटो काढा, काट्याच्या कॉम्प्युटरचाही तसाच. तिन्ही घड्याळं सहसा जुळत नाहीत, अन् हा फरक लिहिलेला नसला तर एंट्रीची वेळ अन् कॅमेऱ्याची वेळ जोडून दाखवता येत नाही.

कोरडवाहू (दारव्हा)
मस्त चाललं तुमचं. शेतकऱ्याच्या मालात कटती (वजनातली वजावट) कापता, ओलावा हाय म्हून भाव पाडता, तवा कोनी कॅमेरा पाहाले येत नाही. आता शेठचं गेलं तं लागले पुरावा शोधाले.

सरकी_ढेप
काका, विषय तो नाही.

कोरडवाहू
विषय तोच हाय. अन् ऐक. पावतीची एक कापी गाडीवाल्यापाशी रायते. तुमच्या कॉम्पुटरात कोनी काही करो, गाडीवाल्याच्या खिशातली पावती कोन बदलवते? ते गोया कर आधी.

भंगार_हार्डडिस्क
काका, बरोब्बर. कोणी वादच घालू शकत नाही असा कागद तोच आहे. मूळ पावती मिळाली तर उत्तम, नाही तर निदान फोटो आणि त्या माणसाचं नाव-गाव लिहून ठेवा.

जुना_रीडर
प्रिंटांना पुरावा कायद्याच्या कलम ६५-बचं सर्टिफिकेट लावा, काम झालं. आमच्या कोर्टात वर्षानुवर्षं तेच पाहिलं.

कलम_त्रेसष्ट (यवतमाळ)
रीडरसाहेब, ६५-ब गेलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, तिथं कलम ६३ आहे. प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या अनुसूचीतच दिला आहे आणि त्याचे दोन भाग आहेत. भाग अ पुरावा देणाऱ्यानं भरायचा, भाग ब तज्ज्ञानं. दोन्हीत फाईलचा हॅश आणि तो कोणत्या पद्धतीनं काढला ते लिहावं लागतं. हॅश म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा समजा, आतला एक आकडा बदलला तरी ठसा बदलतो. नुसत्या स्क्रीनशॉटला असला ठसा कुठून येणार?

जुना_रीडर
मग डिस्कच उचलून कोर्टात ठेवायची. मूळ यंत्र आणलं तर सर्टिफिकेट लागत नाही, जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०२० सालीच सांगितलं आहे.

कलम_त्रेसष्ट
सांगितलं आहे, पण यंत्राच्या मालकानं स्वतः पिंजऱ्यात उभं राहून हे माझंच यंत्र म्हणून सांगायचं, तेव्हा. आणि तोवर डिस्क कोणाकोणाच्या हातात होती? मुनिमाच्या ड्रॉवरमध्ये सुपारीच्या डब्याजवळ पडलेली डिस्क न्याल तर समोरचा म्हणेल, मधल्या काळात तुम्हीच आकडे बदलले. उत्तर आहे का?

सरकी_ढेप
तुमचं भांडण नंतर करा. पोराचा मोबाईल आमच्याकडेच आहे, शेठनं ठेवून घेतला. व्यापाऱ्यासोबतचं सगळं व्हॉट्सॲप त्यात असणार. लॉकचा पॅटर्न माहीत आहे. त्याचे स्क्रीनशॉट काढून जोडू का?

कलम_त्रेसष्ट
हे आत्ता सांगून राहिले तुम्ही? मोबाईल उघडू नका. आजच परत करा, दोन माणसांसमोर, पोच लिहून घेऊन. दुसऱ्याचा मोबाईल त्याच्या परवानगीशिवाय उघडून त्यातलं काढलं तर आयटी कायद्याचं कलम ४३ आणि ६६ शेठलाच चिकटेल. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोबाईलमध्ये अमुक असण्याचा संशय आहे एवढं तक्रारीत लिहा, जप्त पोलीस करतील.

तक्रारीत आयटी कायद्यासोबत भारतीय न्याय संहितेचं ३१६ चं पोटकलम ४ म्हणजे नोकरानं केलेला विश्वासघात, आणि ३४४ म्हणजे हिशेबात खोट्या नोंदी, हे मांडा. ठाणेदार एपीआय (सहायक पोलीस निरीक्षक) असला तर आयटी कायद्याचा तपास त्याला करता येत नाही, कलम ७८ प्रमाणे पोलीस निरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारी लागतो. जिल्ह्याच्या सायबर ठाण्यात आधीच बोलून ठेवा.

टेक_भाऊ
सायबर हेल्पलाइनला १९३० वर फोन करा ना, लगेच होते.

कलम_त्रेसष्ट
ते ऑनलाइन पैसे गेले तर. इथं कापसाचं वजन गेलं आहे.

टेक_भाऊ
बरं. पण मशीन बंद करताना सरळ प्लग खेचा, सगळे तज्ज्ञ तेच सांगतात.

भंगार_हार्डडिस्क
सगळे नाही सांगत. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असलं आणि त्याची किल्ली कोणाकडे नसली तर बंद केल्यावर डिस्क उघडणारच नाही. शिवाय लिहिता लिहिता वीज गेली तर अ‍ॅक्सेसची फाईल बिघडू शकते, आपल्याकडे लोडशेडिंगनं हे काम फुकटात होते. आधी बिटलॉकर पाहा, पडद्यावर काय उघडं आहे त्याचा फोटो घ्या, वेळ लिहा, मग तज्ज्ञाला फोनवर विचारून बंद करा.

काटा थांबवायचा नसेल तर सोपा मार्ग आहे. नवीन डिस्क आणा, तिच्यावर सॉफ्टवेअर टाकून काम सुरू ठेवा. उघडण्याआधी मागच्या वायरींचा फोटो काढा, इंडिकेटरची (वजन दाखवणाऱ्या डब्याची) केबल कोणत्या पोर्टला होती ते नंतर आठवत नाही. सॉफ्टवेअरचं डोंगल (यूएसबीत लावायची किल्ली) हरवू नका. जुनी डिस्क काढली की तिच्यावरच्या सिरीयल नंबरचा फोटो, मग अँटीस्टॅटिक पिशवीत, वरून कागदी लिफाफ्यात. चिकटवलेल्या जागेवर आडव्या सह्या, दोन बाहेरच्या माणसांच्या, जिनिंगच्या नोकरांच्या नको. वहीत लिहा: कोणी काढली, किती वाजता, कुठं ठेवली, किल्ली कोणाकडे. पुढं ज्याच्या हातात जाईल त्याची सही. ती डिस्क कोणत्याही कॉम्प्युटरला लावून पाहायची नाही, नुसती लावली तरी विंडोज तिच्यावर काहीबाही लिहिते. तज्ज्ञ राईट ब्लॉकर (डिस्कवर काही लिहू न देणारं यंत्र) लावून पूर्ण प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत काढतो, हॅश घेतो आणि तपास त्या प्रतिमेवर करतो.

मामा_आर्वीकर
डिस्क काढल्यावर काट्याचं कॅलिब्रेशन हलते का?

भंगार_हार्डडिस्क
नाही मामा, ते इंडिकेटरमध्ये असते.

सरकी_ढेप
सर्व्हिसवाल्याला थांबवलं. मोबाईल पोराच्या बापाला दिला, सरपंच आणि पोलीस पाटील होते, पोच घेतली. डिस्क साधीच निघाली, बिटलॉकर नव्हतं, सील करून शेठच्या तिजोरीत आहे. डीव्हीआरमध्ये दिवाळीनंतरचंच शिल्लक आहे, त्याच्या आधीच्या एंट्रींना पावत्यांवरच भागवावं लागेल. कॅमेऱ्याचं घड्याळ पुढं होतं, फोटो काढला. गाडीवाल्यांच्या पावत्या जमवणं सुरू आहे, अर्धे लोक देतो म्हणतात, अर्धे घाबरतात. नागपूरहून माणूस येणार आहे. आता एवढंच सांगा, त्या भाग अ वर सही कोणाची? शेठ म्हणतात तूच कर.

कलम_त्रेसष्ट
त्या कॉम्प्युटरची किंवा त्या कामाची जबाबदारी ज्याच्याकडे आहे, त्याची. सही करणाऱ्याला कोर्टात बोलावून उलटतपासणी होऊ शकते. मशीन रोज नीट चालत होती, डेटा तिच्यातच भरला जात होता, हे त्याला शपथेवर सांगावं लागते. पासवर्ड मॉनिटरला का चिकटवला होता, हेही विचारतील.

सरकी_ढेप
मग शेठलाच देतो करायला.

कोरडवाहू
अन् आमची कटती?