मदत हवी आहे: उलव्यात बांधकामावरून सळया गेल्या, राखण कशी करू?

डोंगरीकर:
मंडळी, बामणडोंगरी स्टेशनपासून जरा आत आमच्या घराचं काम चालू आहे. आम्ही नेरुळला भाड्याने राहतो. होळीला कामगार गावी गेले, साइट चार दिवस बंद. परत येऊन बघतो तर १२ एमएमच्या ४० सळया, पाण्याची मोटर आणि वायरचं बंडल गायब. मागचा पत्रा उचकटलेला. वरच्या मजल्यावर दारूच्या बाटल्या, आणि विटांची नवी भिंत लाथा घालून पाडलेली. चोरीपेक्षा त्या भिंतीचाच राग जास्त आला.

ठेकेदार म्हणतो, "साहेब, माझं फक्त मजुरीचं काम, माल तुमचा." करारात राखणीचा शब्दही नाही. वॉचमन ठेवू की कॅमेरा लावू? दोन्ही झेपणार नाही. पोलिसांत अजून गेलेलो नाही.

सेंटरिंगवाला:
आधी वजन काढा. १२ एमएमची १२ मीटरची सळई साडेदहा किलोच्या वर भरते. ४० म्हणजे सव्वाचारशे किलो. हे गर्दुल्ल्याच्या खांद्यावरून जात नाही, टेम्पो आला होता. मोटर-वायर कोणीही उचलतो. बाटल्या आणि भिंत बहुतेक तिसऱ्याच कोणाचं काम. रस्त्यावरच्या दुकानांचे कॅमेरे आजच बघा, जुनं फुटेज आपोआप पुसलं जातं.

आणि वाळूचा ढीग कंपाउंडला टेकवून ठेवलाय का? चोराला आयता जिना. स्टील एका स्लॅबपुरतंच मागवा, टोकांना भडक ऑइलपेंट मारा. ओळखता येणारा माल घ्यायला भंगारवाला बिचकतो.

उरण_लोकल:
पत्र्याला रात्री करंट सोडा. एकदा झटका बसला की परत कोणी फिरकत नाही.

सेंटरिंगवाला:
असलं चुकूनही करू नका. शेजारचं पोर चिकटलं तर सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यात तुम्ही आत जाल. उलट पाण्याच्या टाकीचा खड्डा उघडा असेल तर तो आधी फळ्यांनी झाका. चोरीचं नुकसान भरून निघतं, हे नाही.

घणसोलीची_ताई:
दादा, पोलिसांत आजच जा. नुसता अर्ज देऊन येऊ नका, एफआयआर करा. चोरीला आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ लागतं, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. स्टीलचं बिल आणि वजनकाट्याची पावती सोबत न्या. विमा काढलेला असेल तर कंपनी पहिल्यांदा एफआयआरच मागते.

वॉचमन की कॅमेरा म्हणाल तर माझं मत वॉचमन. सिमवरचा कॅमेरा तुम्हाला नेरुळात चोर दाखवेल, पण तुम्ही तिथून पोचेपर्यंत टेम्पो पनवेल ओलांडेल. आमच्या कामावर एक कुटुंबच राहायला ठेवलं होतं. त्यांची खोली फाटकाशी बांधा, मागे कोपऱ्यात नको. एजन्सीचा माणूस घेतलात तर खासगी सुरक्षा एजन्सींच्या २००५ च्या कायद्याखालचा परवाना मागून बघा. ठेकेदाराशी मात्र राखण कोणाची, ते लेखी करून घ्या. सेंटरिंगच्या (स्लॅबच्या साच्याच्या) प्लेटा त्याच्या आहेत ना? मग वॉचमनचा अर्धा पगार त्याने द्यावा.

डोंगरीकर:
ताई, प्लेटांचा मुद्दा काढल्याबरोबर ठेकेदार अर्ध्या पगाराला तयार झाला! एफआयआर झाली. कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या कॅमेऱ्यात पहाटे ३ नंतर एक टेम्पो दिसतोय, नंबर नीट वाचता येत नाही, पोलिसांनी फुटेज घेतलंय. वाळूचा ढीग खरंच कंपाउंडला लागून होता. आज मधे ओढून घेतला.