मदत हवी आहे: आरसी गाडीच्या स्पीड रनसाठी या तिघांपैकी कुठली जागा निवडू?

नमस्कार मंडळी,

आरसी (रेडिओ कंट्रोलवर चालणाऱ्या छोट्या) गाड्यांचे स्पीड रन, म्हणजे सरळ रेषेत जास्तीत जास्त वेग गाठायच्या फेऱ्या, करणाऱ्या किंवा कधीकाळी केलेल्या सगळ्यांकडून सल्ला हवा आहे. गाडी तयार आहे, पण पळवायची कुठे ते ठरत नाहीये. तीन जागा हाताशी आहेत. तिन्ही ठिकाणी रीतसर परवानगी मिळते आणि तिन्ही ठिकाणी काही ना काही खटकतं. चालू रस्त्यावर पळवायची नाही, हे पक्कं आहे. २ किलोची गाडी ताशी १३० किमीने आदळली तर ती ६५ मीटर उंचीवरून पडल्यासारखी लागते. एकदा गणित करून पाहिल्यावर हा विषय माझ्यासाठी संपला.

आधी गाडीची माहिती. १:१० (खऱ्या गाडीच्या एक दशांश) टूरिंग चॅसिस, वजन बॅटरीसकट साधारण २ किलो, ब्रशलेस मोटर, ४एस लिपो (चार सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी), फोमचे टायर, रिसीव्हरमध्ये जायरो (गाडी ढळली की स्टिअरिंग आपोआप सावरणारा सेन्सर). जीपीएसवर आतापर्यंतचा सगळ्यात जास्त वेग ताशी ११२ किमी, आणि गाठायचे आहेत १३०. २०१४ मध्ये निक केस यांच्या बॅटरीवरच्या गाडीने ताशी ३२५ किमी गाठले होते, त्याच्यापुढे हा आकडा लहानच आहे. पण ही गाडी मी दोन वर्षं एकेक भाग जुळवत उभी केली आहे आणि मला ती धडधाकट परत आणायची आहे.

लांबीचा हिशेब असा मांडला आहे. १३० म्हणजे सेकंदाला ३६ मीटर. पिनियन (मोटरवरचं दातेरी चाक) मोठा लावल्यामुळे गाडी सुरुवातीला रेंगाळते आणि शंभरच्या पुढे हवेचा रेटा वाढला की वेग चढणं आणखी मंदावतं. माझ्या आधीच्या नोंदींवरून वेग पकडायला २२० मीटर लागतील. जीपीएस सेकंदाला १० वेळा वेग टिपतो. आकडा एखाद्या चुकीच्या वाचनाचा नाही याची खात्री पटण्यासाठी दीड सेकंद तरी तो वेग टिकायला हवा, म्हणजे ५५ मीटर. मग थांबणं. जोरात ब्रेक मारला की मागची बाजू हलकी होऊन गाडी फिरते हे अनुभवलंय, म्हणून हळूहळू थांबायला १३० मीटर. एकूण ४०० च्या आसपास.

आता जागा.

पहिली, वापरात नसलेली काँक्रीटची जुनी धावपट्टी. ९०० मीटर लांब, भरपूर रुंद, आजूबाजूला नुसतं गवत. कागदावर हिच्यासारखी जागा नाही. पण काँक्रीट ५-५ मीटरच्या तुकड्यांत ओतलेलं आहे आणि प्रत्येक दोन तुकड्यांमध्ये सांधा. म्हणजे १३० ला सेकंदाला सात धक्के. गेल्या महिन्यात इथेच गाडी गेली. वेग १०५ च्या आसपास होता, सरळ चालली होती, आणि पापणी लवायच्या आत हवेत. भाची दुर्बीण घेऊन बाजूला उभी होती. ती म्हणाली, "मामा, गाडी वळली नाही. आधी नाक वर झालं, मग मागे उलटली." नंतर गाडी उलटी करून तळ पाहिला तर स्प्लिटरच्या (नाकाखालच्या आडव्या पट्टीच्या) पुढच्या कडेला आडवी, चकचकीत खाच होती आणि तिच्यात सिमेंटची पांढरी पूड भरलेली. परत जाऊन पट्टीवर गुडघे टेकून एकेक सांधा बोटांनी चाचपला. तेव्हा सापडलं: एक तुकडा शेजारच्यापेक्षा जेमतेम ३ मिलीमीटर वर आलाय. उभ्याने पाहिलं तर दिसतही नाही. माझी गाडी जमिनीपासून ५ मिलीमीटरवर चालते आणि नाक त्याहून खाली असतं. नाक एकदा उचललं की खाली हवा शिरते, पुढचं काम हवाच करते. तो रेटा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे ११२ वरून १३० ला जाताना तो एक तृतीयांशाने जास्त असेल. याच पट्टीवर पुन्हा जायची म्हणूनच भीती वाटते.

दुसरी जागा, अर्धवट बांधकाम झालेल्या एका आवाराच्या आतला डांबरी रस्ता. लांबी ४२० मीटर, रुंदी ७. सुट्टीच्या दिवशी दोन्ही टोकांची फाटकं बंद असतात. डांबर नवं आहे, बारीक खडीचं, आणि हात फिरवला तर एकसारखं लागतं. सगळा रस्ता चालत जाऊन सुटे खडे एका डब्यात गोळा केले, जेमतेम पाऊण डबा भरला. फोमच्या टायरला याहून चांगलं काय मिळणार? अडचणी दोन. एक, पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडांना उतरता आहे. गोटी ठेवून पाहिली, थेट कडेला गेली. दुसरी, दोन्ही कडांना उभे कर्बस्टोन. माझ्या चाकांचा व्यास ६४ मिलीमीटर आहे, त्याच्या दुपटीहून उंच दगडाची सलग भिंतच म्हणायची. मधून चालवलं तर दोन्हीकडे साडेतीन मीटर मिळतात. दिशा फक्त १ अंशाने चुकली तरी १०० मीटरमध्ये गाडी पावणेदोन मीटर सरकते, आणि १०० मीटर पार व्हायला तीन सेकंदही लागत नाहीत.

तिसरी मोठी पार्किंगची जागा. सपाट, गुळगुळीत, पण तिरप्या रेषेतसुद्धा २३० मीटरच आणि मधे दिव्यांचे खांब. जुळवाजुळव तपासायला, जायरो आणि स्टिअरिंगचा एक्स्पो (मधल्या भागात स्टिअरिंग सौम्य करणारी सेटिंग) बसवायला ठीक आहे. १३० साठी मी ती सोडून दिली आहे.

माझा कल दुसऱ्या जागेकडे आहे. माझ्या मते लांबीपेक्षा पृष्ठभाग महत्त्वाचा, कारण लांबी कमी पडली तर आकडा कमी येतो, पृष्ठभाग वाईट असला तर गाडी जाते. पण कर्बस्टोनच्या मधून कधी चालवलेलं नाही, म्हणून तुम्हाला विचारतो.

उंचवट्याच्या अगदी माथ्यावरून चालवू, की एका बाजूच्या उतारावरून ट्रिम देऊन (स्टिअरिंग कायमचं जरासं एका बाजूला ठेवून)? माथ्यावर गाडी सपाट बसेल, पण जराशी ढळली की उतार तिला आणखी खाली ओढणार. उतारावर ओढ एकाच दिशेला राहील, जायरो ती सांभाळेल बहुधा, पण मग कर्बस्टोन एका बाजूला फारच जवळ येतो. तुमच्यापैकी कोणी असा रस्ता वापरला असेल तर जायरोचा गेन (तो किती जोराने सावरतो ते) कमी ठेवला की जास्त? माझ्याकडे जास्त गेनवर १०० च्या पुढे गाडी शेपूट हलवायला लागते.

उभं कुठे राहायचं, हाही प्रश्न आहे. सुरुवातीच्या टोकामागे राहिलो तर डावं-उजवं कधी उलटं होत नाही आणि गाडी सरकलेली लगेच कळते. पण १९ सेंमी रुंदीची गाडी २०० मीटरवर चंद्राच्या रुंदीच्या एक दशांश दिसते, ३०० वर तर ठिपकाच. रस्त्याच्या मध्यावर, कर्बस्टोनच्या बाहेर राहिलो तर अंतर निम्मं होतं, रेडिओलाही सोपं, पण सगळ्यात जास्त वेग माझ्या शेजारीच येतो आणि गाडी उसळली तर मीच सापडेन. तिथे रेतीच्या पोत्यांचा आडोसा केला तर पुरेल का? भाचीला मी आता टोकाच्या फाटकाबाहेर उभी करणार आहे, काहीही झालं तरी.

फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटर थांबवणारी सोय) गाडी स्टँडवर ठेवून, ट्रान्समीटर बंद करून तपासला आहे, मोटर लगेच थांबते. रस्ता पूर्व-पश्चिम आहे, त्यामुळे वारा पडलेला असतो त्या सकाळच्या वेळी एका दिशेच्या फेरीत ऊन थेट डोळ्यांवर येतं. दव सुकून ऊन वर येईपर्यंत थांबायचं म्हटलं तर डांबर तापून फोमला पकड चांगली मिळते, पण तोवर वारा सुटतो. तुम्ही यातलं काय पत्करता?

आणि पहिल्या पट्टीबद्दल शेवटचं. सांध्यांवर भरण करून, नाक २ मिलीमीटर वर घेऊन कोणी काँक्रीटवर १२० च्या पुढे सुखरूप गेलं असेल तर जरूर लिहा. ९०० मीटर सोडून द्यायला जिवावर येतंय.