बाळंतविड्यात अ‍ॅक्रिलिक लोकर? माझा तरी विरोध

खांबसाखळी:
भाचीला एप्रिलात बाळ होणार आहे. बाळंतविडा मावशीच करणार, हे घरात न विचारताच ठरलंय. दुकानात 'बेबी वूल'चे गुंडेच गुंडे, गुलाबी, आकाशी, पिस्ता. लेबल उलटून पाहिलं तर १०० टक्के अ‍ॅक्रिलिक! मेंढीचा काही संबंध नाही, मूळ पेट्रोलियममध्ये. तरी आपण त्याला लोकरच म्हणतो. हा धागा घाम टिपत नाही. पुण्याच्या मे महिन्यात त्याचं टोपडं घालून बाळाचं काय होईल? अंगडं, टोपडं, कुंची, दुपटं, सगळं सुतीच हवं.

पागोळी:
ताई, एप्रिलचं बाळ जुलैत तीन महिन्यांचं होतं. आमच्या रत्नागिरीत तेव्हा सुती दुपटं दोन-दोन दिवस दांडीवर लोंबतं आणि कुबट वास येतो तो वेगळाच. सूत पाणी पिऊन जड होतं. अ‍ॅक्रिलिक पिळून टाकलं की संध्याकाळी हातात. नणंदेने हौसेने विणलेलं सुती दुपटं मी फार जपलं, म्हणजे कपाटातच ठेवलं.

खांबसाखळी:
मग दोन विणून देईन. घामोळ्यांपेक्षा बरं.

उलटसुलट:
सुताला लोकरीसारखा ताण नसतो. टोपीचा काठ चार धुण्यांत सैल होऊन डोळ्यांवर येतो. त्यापेक्षा मिश्र धागा घ्या. 'मिल्क कॉटन' नावाने मिळतो तो बहुतेकदा सूत आणि अ‍ॅक्रिलिकच असतो. नागपुरात डिसेंबरच्या रात्री पारा १०च्या खाली जातो, तिथे तुमची सुती कुंची पुरायची नाही.

एडिसनकर:
खऱ्या लोकरीचं कुणी नावच काढेना! मेरिनो मेंढीची मऊ लोकर बोचत नाही आणि ऊबही देते. पण देताना धुवायचं कसं ते चिठ्ठीवर लिहा. सासूबाईंनी भारतातून पाठवलेला स्वेटर मी मशीनमध्ये गरम पाण्यात टाकला. आटून बाहुलीच्या मापाचा झाला. अजून त्यांना सांगितलेलं नाही. आता 'सुपरवॉश', म्हणजे मशीनमध्ये धुतली तरी न आटणारी, असं लिहिलेलीच घेते.

बाळंतशोपा:
तुम्ही धाग्यावरून भांडताय, मला काळजी मोज्यांची. आत सुटा धागा राहिला तर बाळाच्या बोटाला गुंडाळतो, बोट सुजतं आणि बाळ का रडतंय ते कळत नाही. मोजा उलटा करून बघा, टोकं नीट ओवून टाका. जाळीची वीण मोज्यांना नकोच. केसाळ धागाही नको, बाळ सगळं तोंडात घालतं.
दुसरं, भाचीच्या घरी न्हाऊ घातल्यावर धुरी देतात का? शेगडीची ठिणगी सुतावर पडली तर सूत जळतं. अ‍ॅक्रिलिक वितळून कातडीला चिकटतं. खरी लोकर सहसा पेट धरत नाही.

पागोळी:
धुरीचा मुद्दा पटला. आमच्याकडे अजून देतात. पण पावसात वाळवायचं कसं, याचं उत्तर नाहीच आलं.

खांबसाखळी:
मोजे रद्द. टोपडं सुतीच, पण काठ न विणता नाडी लावते...

बाळंतशोपा:
नाडी? गळ्याशी? अजिबात नको!

खांबसाखळी:
बरं, नाडीही रद्द. काठापुरता मिश्र धागा घेते. अ‍ॅक्रिलिकचं पूर्ण अंगडं मात्र माझ्या हातून व्हायचं नाही. आता कुणीतरी सांगा, हातभर लांब-रुंद चौकोनी सुती दुपट्याला किती गुंडे लागतील? दुकानदार म्हणतो, एकाच लॉटचे सगळे आत्ताच घ्या, नंतर रंग जुळणार नाही.