शेवंड वास ‘घेते’, की तिला वास ‘येतो’?

बोरूबहाद्दर
मुलांच्या मासिकासाठी लिहितोय आणि एकाच वाक्यावर दोन दिवस अडलोय: ‘लॉबस्टर अँटेनांनी पाण्यातला वास घेतो.’ संपादकबाईंनी ‘अँटेना’ला लाल रेघ मारली. म्हणाल्या, अँटेना गच्चीवर असतो. ‘शृंगिका’ लिहिलं तर पोरं पान उलटणार. त्यात मलाच नवी शंका आली. पाण्याखाली ‘वास घेणे’ चालतं का? नाक नाही, श्वास ओढणं नाही, मग घेतो कशाने?

खाडीकाठ
आधी लॉबस्टर सोडा, शेवंड म्हणा. आणि शेवंडीला मिशा असतात. कोळंबी साफ करताना आमच्याकडे ‘मिशा नि पाय काढून टाक’ असंच सांगतात. झुरळालाही मिशाच. गच्चीचा प्रश्न मिटला.

फक्त कुठल्या मिशा ते लिहा. जोड्या दोन. अंगाहून लांब, जाड, काटेरी असतात त्या मुख्यतः चाचपायला आणि कोणी अंगावर आलं तर रोखायला. वासाचं काम डोळ्यांच्या मधे असलेल्या आखूड जोडीचं. यातली प्रत्येक मिशी पुढे दुभंगलेली असते आणि एका फाट्याच्या शेंड्याकडे बारीक केसांचा झुबका असतो.

घमेल्यात समुद्राचं पाणी घालून ठेवलेली जिवंत शेवंड कधी बघा. अंग दगडासारखं गप्प, पण त्या आखूड काड्या सारख्या टुचकन खाली झटकतात. बांगड्याचा तुकडा टाका, झटके लगेच वाढतात.

बोरूबहाद्दर
झटकते कशाला? केस पाण्यातच तर आहेत. वास आपोआप येईल की.

पाणकावळा
येणार नाही, गंमत तिथेच आहे. इतक्या बारीक केसांच्या मापाला पाणी काकवीसारखं चिकट वागतं. मिशी हळू हलवली तर पाणी झुबक्याला वळसा घालून बाजूने निघून जातं. जोरात झटकली तरच केसांच्या मधे शिरतं. मिशी वर परतताना मात्र सावकाश येते, त्यामुळे आत शिरलेलं पाणी पुढच्या झटक्यापर्यंत तिथेच अडकून राहतं. म्हणजे दर झटक्याला ताजा नमुना.

अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या मिमी कोल आणि सहकाऱ्यांनी हे कॅरिबियन शेवंडीवर दाखवलं; २००१ साली ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत छापून आलं. यांत्रिक शेवंड केली, तिला खरी मिशी बसवली आणि वासाच्या जागी रंग सोडलेल्या वाहत्या पाण्यात ती झटकून बघितली. वास पाण्यात सारखा पसरत नाही, त्याचे धागे-धागे होतात. झटक्यासरशी ते धागे केसांत जवळपास जसेच्या तसे पकडले गेले.

म्हणून माझं मत: ‘वास येतो’ नको, ‘वास घेते’ही मिळमिळीत आहे. हुंगते लिहा. वास बसल्या जागी येतो, हुंगायला काहीतरी करावं लागतं. कुत्रा हुंगतो तेव्हा नाकाने सूं-सूं करून हवेचे छोटे छोटे घोट घेतो. शेवंड तेच मिशीने करते.

खाडीकाठ
पण हुंगणं नाकाचं. शिवाय पाण्यात विरघळलेलं कळतं त्याला आपण चव म्हणतो.

पाणकावळा
मग तिच्या पायांना काय म्हणाल? पायांवरही रसायनं ओळखणारे केस आहेत, खाणं पायाला लागलं की तिला कळतं. ती चव. लांबून वाहत आलेलं कळतं तो वास. दोन्ही पाण्यातूनच येतं, पण तिच्या लेखी कामं दोन आहेत, तर आपल्या भाषेतही क्रियापदं दोन हवीत.

जुनी पोथी
न्यायशास्त्रात (कोर्टाचं नव्हे, न्याय हे जुनं भारतीय दर्शन) गंध हा पृथ्वीचा गुण आहे, पाण्याचा नव्हे. पाण्याला वास आलाच तर तो त्यात मिसळलेल्या पृथ्वीच्या अंशांचा, असं नैयायिक सांगतात. शेवंडीलाही पाण्याचा वास येत नाही, पाण्यात मिसळलेल्या बांगड्याचा येतो. तेव्हा ‘पाण्यातला वास’ बरोबर, ‘पाण्याचा वास’ चूक. (या आखूड मिशीसाठीचा ‘लघुशृंगिका’ हा शब्द मात्र मला कधीच पटला नाही. शृंगिका म्हणजेच छोटं शिंग. त्याला पुन्हा लघु कशाला?)

पाणकावळा
मुलांना आवडेल असं आणखी एक. अमेरिकी लॉबस्टरची लघवी लांब मिशांच्या बुडाशी असलेल्या भोकांतून निघते, म्हणजे चक्क तोंडावरून, आणि भांडताना ती समोरच्याच्या दिशेने जाते. हरलेला तो वास लक्षात ठेवतो आणि पुन्हा गाठ पडली की त्या गड्याच्या वाटेला जात नाही. आणि खाणं झालं की शेवंडी तोंडाजवळच्या पायांत आखूड मिशा धरून ओढून पुसतात. जेवून मिशांवरून हात फिरवणारे आजोबा आठवतात.

बोरूबहाद्दर
वाक्य केलं: ‘शेवंड डोळ्यांमधल्या आखूड मिशा झटकून वास हुंगते.’ मिशा पास, हुंगणं पास. लघवीवर लाल रेघ.