पेन टॅबलेट: गोल काढला की लंबगोल येतो, पेनचं प्रेशरही चालत नाही

शाईदौत
विंडोज ११, चित्रं काढायला क्रिटा हा प्रोग्राम. टॅबलेट बिनस्क्रीनचा, १० × ६.२५ इंच. लॅपटॉप आणि शेजारी मॉनिटर, दोन्ही १९२० × १०८०. गोल काढला तर आडवा ताणला जातो, तोही दुपटीहून जास्त. पेन क्षणभर टेकवून धरलं की टोकाभोवती कडं उमटायचं आणि राइट क्लिकचा मेनू उघडायचा, म्हणून टॅबलेटच्या ड्रायव्हरमधलं विंडोज इंक (विंडोजची पेन हाताळायची सोय) बंद केलं. कडं गेलं, पण तेव्हापासून रेघ एकाच जाडीची येते. ड्रायव्हर पुन्हा टाकून झाला, फरक शून्य.

रेघोट्या
ड्रायव्हरला दोष नाही, मॅपिंग (टॅबलेटचा कोणता भाग स्क्रीनच्या कोणत्या भागाला जोडलाय ते) चुकलंय. आत्ता तुमचे १० इंच दोन्ही स्क्रीनवर, म्हणजे ३८४० पिक्सेलवर पसरलेत: आडवे इंचाला ३८४ पिक्सेल, उभे जेमतेम १७३. गोल ताणला जाणारच.

ड्रायव्हरच्या मॅपिंग पानावर 'ऑल डिस्प्लेज' बदलून ज्यावर चित्र काढता तो एकच मॉनिटर निवडा. एवढ्याने भागत नाही. टॅबलेट १६:१०, मॉनिटर १६:९, त्यामुळे ११ टक्के ताण उरतोच. डोळ्याला तो पटकन दिसत नाही, पण चेहरे रुंद येतात. टॅबलेटची वापरातली उंची ५.६२५ इंच करा. काही ड्रायव्हरमध्ये यासाठी 'फोर्स प्रपोर्शन्स' अशी टिक असते. तळाची पाऊण इंचाहून कमी पट्टी वाया जाते, जाऊ द्या.

तपासायला टॅबलेटवर डब्याचं प्लॅस्टिकचं झाकण ठेवून कडेने पेन फिरवा. स्टीलची वाटी नको, धातूजवळ पेनचा सिग्नल हलतो.

ब्रशवाला
प्रेशरचं कारण वेगळं. पेनचा दाब प्रोग्रामपर्यंत पोचायला दोन वाटा आहेत, विनटॅब आणि विंडोज इंक. ड्रायव्हर आणि क्रिटा दोघांनी एकच वाट धरायला हवी. तुम्ही ड्रायव्हरमध्ये इंक बंद केलंत, क्रिटा अजून इंकचीच वाट बघतंय. मग पेन नुसता माउस होतो: कर्सर हलतो, दाब नाही.

सेटिंग्ज > कॉन्फिगर क्रिटा > टॅबलेट सेटिंग्ज. तिथे इनपुट एपीआय 'विनटॅब' करा आणि क्रिटा पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, त्याशिवाय बदल लागू होत नाही. त्याच पानावर टॅबलेट टेस्टर आहे. पेन हळूहळू दाबा, पी पुढचा आकडा चढायला हवा. तो चढतो पण रेघ तशीच, तर ब्रशच प्रेशर न घेणारा आहे. 'बेसिक-५ साइज' घेऊन बघा.

कुंचला_२
मी उलट सांगेन. फोटोशॉपही वापरत असाल तर इंक चालूच ठेवा, कारण ते मुळात इंकमधूनच दाब घेतं. मग क्रिटातही इंकच. कड्यासाठी आख्खं इंक बंद करायची गरज नाही: कंट्रोल पॅनेल > पेन अँड टच > 'प्रेस अँड होल्ड' ओळ > सेटिंग्ज, तिथली राइट क्लिकची टिक काढा.

आणि ड्रायव्हरमध्ये वर कोणता प्रोग्राम निवडलाय ते बघा. प्रत्येक प्रोग्रामचं प्रोफाइल वेगळं असेल, तर एकात केलेला बदल दुसऱ्यात दिसत नाही आणि माणूस पुन्हा ड्रायव्हर टाकत बसतो.

शाईदौत
इंक चालू ठेवून टिक काढली. कडं नाही, प्रेशर आलं. उंची ५.६२ भरली, झाकण गोल उमटतंय. आता फक्त हलक्या हाताची रेघ उमटायला जास्त जोर लागतो.

ब्रशवाला
प्रेशर कर्व्ह (किती दाबाला किती जाडी, ते ठरवणारी रेषा) दोन जागी असतो, ड्रायव्हरमध्ये आणि क्रिटात, आणि एकाचा परिणाम दुसऱ्यावर चढतो. क्रिटातला कर्व्ह न वाकवता सरळ तिरक्या रेषेतच ठेवा, ड्रायव्हरमधला स्लायडर 'सॉफ्ट'कडे एकेक खूण सरकवा. फार सरकवलात तर अर्ध्या दाबातच जाडी पूर्ण होते आणि पुढे रेघ जाड करायला जागाच उरत नाही. आधी निब, म्हणजे पेनचं बदलता येणारं टोक, बघा: ते तिरकं घासून धारदार झालं असेल तर बदला, नाहीतर पृष्ठभागावर चरे पडतील.